पण कुत्र्याचं काय झालं?

"काल रात्री दीडला आमच्याकडे आरडाओरडा झाला, तो ऐकलास ना गं?" काकूंनी मेथी निवडता निवडता कठड्यापलीकडून विचारलं.

न ऐकून जाते कुठे? आमच्या गिरगावातल्या चाळीत भिंती नावाला. एका बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली की शेजारचं बिऱ्हाड आपला गॅस बारीक करतं.

"नातू होता. मला वाटलं, निकालच लागला. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. दुपारी पानावर बसला तेव्हा म्हणाला, आजी, कुत्रा मेला. मी म्हटलं, आपल्याकडे कुत्रा कधी होता रे? तर म्हणे खेळातला. टीव्हीवरचा. तो खेळ तूच दिलास ना त्याला?"

दिला होता. माझा जुना एक्सबॉक्स ३६० आणि सोबत 'फेबल २'ची डिस्क. २००८ सालचा खेळ, इंग्लंडातल्या लायनहेड स्टुडिओचा. त्याचे कर्तेकरविते पीटर मॉलिन्यू म्हणजे बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत. पहिल्या 'फेबल'च्या वेळी सांगत सुटले होते की जमिनीत बी पुरलंत तर तुमच्या डोळ्यांदेखत त्याचा वृक्ष होईल. २००४ मध्ये खेळ आला, त्यात झाड काही उगवलं नाही आणि गृहस्थांना जाहीर माफी मागावी लागली.

"ते राहू दे. कुत्र्याचं काय झालं ते सांग."

सांगितलं. रस्त्यावर वाढणारी दोन अनाथ भावंडं, तुम्ही आणि थोरली बहीण रोझ. लुसियन नावाचा सरदार त्यांना वाड्यावर बोलावतो, बहिणीला गोळी घालतो, तुम्हालाही घालतो आणि तुम्ही खिडकीतून खाली पडता. जगता मात्र. लहानपणी टवाळ पोरांच्या तावडीतून सोडवलेलं एक कुत्रं तेव्हापासून सावलीसारखं मागे. पुरलेलं धन हुंगून काढतं, शत्रूचा वास आला की गुरगुरतं. तुम्ही मोठे होता, लग्न करता, पोरं होतात, घरं विकत घेऊन भाड्यानं देता.

"पागडीनं?"

"नाही हो काकू, रोख भाडं. आणि भाडेकरू कोर्टात जात नाहीत."

"मग खेळच तो," काकू म्हणाल्या. "पुढे?"

पुढे शेवटाला लुसियन तुमची बायकापोरं मारून मोकळा झालेला असतो. तुमच्यावर बंदूक रोखतो आणि कुत्रं मध्ये उडी घेऊन गोळी स्वतःच्या अंगावर झेलतं. आता खेळणाऱ्याचं रक्त खवळलेलं, मुठी आवळलेल्या. आता याला बघतोच म्हणावं, तर बघण्यासारखं काही उरतच नाही. एक संगीताची पेटी वाजवायची, त्याची सगळी शक्ती गळून जाते, तो उभ्या उभ्या बडबडत राहतो आणि तुम्ही एक गोळी घालायची. झालं. त्यातून त्याचं भाषण जरा ऐकू म्हणून थांबलात तर शेजारी उभा असलेला रीव्हर नावाचा समुद्री चाचा कंटाळून आपणच गोळी झाडतो.

समोरच्या गॅलरीत तात्या पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर हातात होता, कान आमच्याकडे. उमेदीच्या वर्षांत त्यांनी साहित्य संघात नाटकांचे पडदे ओढलेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या शेवटावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. "म्हणजे कीचकवधात भीम हात चोळत उभा आणि कीचकाला विराटाच्या दरवानानं मारला!" तात्या ओरडले. "प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या असत्या."

"अहो, खरी गंमत तर नंतर आहे," मी म्हटलं. लुसियन गेला की त्यानं बांधून घेतलेल्या मनोऱ्यावर तुम्हाला एकच वर मिळतो. समोर तीन पत्ते. पहिला त्यागाचा: हा मनोरा बांधताना जे हजारो मजूर मेले ते सगळे जिवंत होतील. दुसरा प्रेमाचा: तुमचं कुटुंब, तुमची बहीण आणि तुमचं कुत्रं परत येईल. तिसरा पैशाचा: दहा लाख मोहरा. एक उचला. उचललात की ज्या थेरेसानं जन्मभर तुम्हाला वाट दाखवली, तीच बाई मनोरा आता माझा म्हणते आणि तुम्हाला वाटेला लावते.

काकूंचा मेथीवरचा हात थांबला. "आणि मला काहीच नको म्हटलं तर?"

"म्हणता येत नाही. पत्ता उचलल्याशिवाय पडदा पडत नाही."

"मेलं कसलं वरदान ते! वर नाकारता येत नसेल तर तो हुकूम झाला."

काकूंनी इतक्या सहज जे म्हटलं, त्यावर हे असले खेळ खेळणारे जगभरचे लोक वर्षानुवर्षं भांडतायत. तक्रारी दोनच. एक, शेवट पटत नाही. दुसरी, चांगलं-वाईट निवडायची मोकळीक देतो म्हणून गाजावाजा करतात आणि निवडायला ठेवतात ते नुसतं नावाला.

शेवटाचं दुखणं आपल्याला नवं नाही. काकूंनी लगेच मालिकांचा पाढा लावला. चार वर्षं विष कालवणारी सासू शेवटच्या आठवड्यात देवघरासमोर हात जोडून उभी. हरवलेला मुलगा मंगळवारी सापडतो, बुधवारी त्याचं लग्न, गुरुवारी सगळे मिळून फोटो आणि शुक्रवारी नव्या मालिकेची जाहिरात. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' संपली तेव्हा आमच्या गॅलरीत दोन तट पडले होते. कोकणातल्या त्या वाड्यात हे सगळं करतंय कोण, म्हणून महिनोन् महिने जीव टांगणीला आणि शेवट पाहून काकूंनी जे रिमोट आपटलं त्याचं झाकण अजून चिकटपट्टीनं लावलेलं आहे. पुढचा भाग २०१९ मध्ये आला तो गोष्ट मागच्या काळात नेऊन. अण्णा आणि शेवंता ही पात्रं त्यातच गाजली.

"प्रेक्षकाला गोड हवं असतं, ते नाही मिळालं की रुसतो," मी म्हटलं.

"चूक," तात्या उठून कठड्याशी आले. "'ती फुलराणी' पाहिलंयस?"

त्यांनी ते विंगेतून पाहिलं आहे, त्यामुळे पुढची दहा मिनिटं कुणाला बोलायची सोय नव्हती. पुलंनी १९७५ मध्ये रंगभूमीवर आणलेली फुलराणी ही बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतलेली. १९१४ मध्ये लंडनला 'पिग्मॅलियन' लागलं तेव्हा प्रोफेसर हिगिन्सचं काम करणारे हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी परस्पर एक गोडवा घातला. पडदा पडता पडता नायिका एलायझाच्या दिशेनं फुलं टाकायला सुरुवात केली, म्हणजे लोक समजले की आता यांचं लग्न होणार. शॉ खवळला. पाच अंक खपून ज्या मुलीला ताठ उभं राहायला शिकवलं, तिला शेवटच्या मिनिटाला पुन्हा त्याच माणसाच्या सपाता शोधायला पाठवायचं? १९१६ मध्ये त्यानं नाटकाला एक लांबलचक उपसंहार जोडला आणि एलायझा फ्रेडी नावाच्या तरुणाशी लग्न करते, हिगिन्सशी नाही, असं ठणकावून लिहून टाकलं.

"सांगायचा मुद्दा काय," तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, "शेवट कडू असला म्हणून वाईट होत नाही. आधीच्या अंकांना न विचारता आला की वाईट होतो. मग तो गोड असो नाही तर कडू."

एवढं बोलून तात्या चहा घ्यायला आत गेले. पडदा ओढण्याची जुनी सवय.

"शेवटाचं कळलं," काकू म्हणाल्या. "पण निवडायला देत नाहीत म्हणतेस ते काय? आमचा पोरगा तर सांगत होता, यात चांगलं व्हायचं का वाईट ते आपलं आपण ठरवायचं."

ठरवायचं, पण कसं ते पाहा. पहिल्या 'फेबल'मध्ये पुण्य केलंत तर डोक्यामागे तेजोवलय येतं आणि अंगाभोवती फुलपाखरं फिरतात. पाप केलंत तर कपाळाला शिंगं फुटतात आणि माश्या घोंघावतात. म्हणजे माणूस कसा आहे ते त्याला बघूनच कळणार. असं असतं तर चाळीच्या मीटिंगा पाच मिनिटांत संपल्या असत्या. प्रसंगही त्याच मापाचे. दारात भिकारी आला तर खिसा उलटा करून त्याला द्या, म्हणजे तुम्ही संत; नाही तर त्याला भोसका, म्हणजे तुम्ही सैतान. 'सुट्टे नाहीत बाबा, पुढे हो' हे वाक्य आपण आठवड्यातून चारदा म्हणतो. ते कुठल्याच यादीत नाही.

'फॉलआउट ३' हाही २००८चाच. अणुयुद्धानंतरचं उजाड जग, एक गाव आणि गावाच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब. तो निकामी करा, नाही तर एका शेठजीकडून पैसे घेऊन अख्खं गाव उडवा. आता काकू, हा काय प्रश्न झाला? असल्या प्रश्नानं कुणाची झोप उडते?

हा खेळ आपल्याकडे रीतसर आलाच नाही, हीही एक कथा. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे आम्ही तो भारतात विकणार नाही. नेमकं काय खटकलं ते काही फोड करून सांगितलं नाही. पण खेळात दोन डोक्यांच्या गाई आहेत आणि त्यांना नाव दिलंय 'ब्राह्मिन', म्हणून तेच कारण असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. मला तो मिळाला लॅमिंग्टन रोडवर. तिथे काय मिळत नाही!

त्याचाही शेवट ऐका. एक यंत्र चालू केलं की सगळ्यांना शुद्ध पाणी मिळणार, पण यंत्राच्या खोलीत इतका किरणोत्सर्ग की आत जाणारा जिवंत परत येत नाही. आता तुमच्यासोबत फॉक्स नावाचा एक धिप्पाड सोबती असू शकतो. किरणोत्सर्गाचा त्याच्यावर काही म्हणजे काही परिणाम होत नाही. आधी एकदा तशाच खोलीत जाऊन त्यानं तुम्हाला वस्तू आणून दिलेली असते. तुम्ही म्हणता, बाबा रे, जा आत, बटण दाब. तो म्हणतो, छे छे, हे तुझं विधिलिखित आहे, मी मध्ये पडणार नाही.

"अरे वा! गणपतीची वर्गणी मागायला पुढे आणि विसर्जनाला गुडघा दुखतो!" काकू हसून हसून लाल झाल्या.

लोकांनी इतका गिल्ला केला की २००९ मध्ये कंपनीनं 'ब्रोकन स्टील' नावाची पुरवणी काढली. आता फॉक्स आत जातो. पण निवेदक जाता जाता टोमणा मारतोच की खरा वीर आत गेला, तुम्ही मात्र बाहेर राहिलात. म्हणजे लेखकाच्या मनात एकच उत्तर बरोबर होतं. दुसरं उत्तर त्यानं दिलं, पण नाक मुरडून.

निवडीचा हा देखावा माझ्या पिढीनं लहानपणीच पाहिलाय. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम नव्वदच्या दशकात घरोघरी आले. त्यांची पिवळी-काळी कॅसेट घ्यायला आम्ही ऑपेरा हाउसवरून चालत लॅमिंग्टन रोडला जायचो. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. जवळजवळ एक कोटी खेळ! घरी येऊन लावावी तर पहिल्या पानावर मारिओ, काँट्रा वगैरे पाच-दहा आणि पुढच्या पानांवर तेच, नुसती नावं फिरवलेली. फार तर मारिओ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू. आम्ही तरीही पानं उलटत राहायचो, न जाणो एखादा नवा निघाला तर.

मोठ्या कंपन्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. 'मास इफेक्ट' हा बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा खेळ. राजपुत्र आणि राक्षसांच्या जागी अंतराळवीर आणि यंत्रं आहेत, पण जातकुळी तीच. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. पहिल्या भागात तुम्ही कुणाला वाचवलंत, कुणाला मरू दिलंत, ते सगळं तिसऱ्या भागापर्यंत तुमच्या मागोमाग येणार, हे त्याचं मोठं आकर्षण. आणि येतही होतं. लोकांनी पाच वर्षं जीव लावला. शेवटी काय? तीन वाटा. एकीवर लाल स्फोट, दुसरीवर निळा, तिसरीवर हिरवा. पुढची दृश्यं बरीचशी तीच.

चाहते भडकले, पण काय झकास भडकले! त्यांनी पैसे जमवून बायोवेअरच्या एडमंटनच्या कचेरीत सुमारे चारशे कपकेक धाडले. वरचं क्रीम तीन रंगांचं, लाल, निळं, हिरवं. आतला केक सगळ्यांचा एकाच चवीचा, व्हॅनिला. दुसऱ्या एका गटानं निषेध म्हणून वर्गणी काढली आणि ऐंशी हजार डॉलर इस्पितळातल्या मुलांना खेळणी देणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. कंपनीनं कपकेक गरजू मुलांच्या निवाऱ्याला पाठवले आणि जून २०१२ मध्ये शेवट वाढवून, समजावून सांगणारी पुरवणी फुकट दिली.

"भांडावं तर असं," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे आधी काचा फोडतात."

"पण हे असं होतं का?" तात्या चहाचा कप घेऊन पुन्हा हजर. "पैसा तर ओततात म्हणे सिनेमासारखा."

ओततात, म्हणूनच होतं. हिशेब सोपा आहे. दर निवडीला दोन वाटा धरल्या तर दहा निवडींनंतर एक हजार चोवीस शेवट होतात. प्रत्येकाला वेगळे संवाद, वेगळी चित्रं, नटांचे आवाज. कुणाच्या बापाला परवडायचं नाही. मग लेखक काय करतो, वाट फोडतो आणि दोन वळणं गेली की गुपचूप पहिल्या रस्त्याला आणून मिळवतो. तुम्ही डावीकडून या की उजवीकडून, राजवाड्याचा दरवाजा एकच. त्यात बरेच लोक खेळ अर्ध्यात सोडतात, मग शेवटावर खर्च करायला मालकाचा हात आखडतो. आणि शेवटचं प्रकरण बहुधा शेवटीच तयार होतं, तेव्हा विक्रीची तारीख जाहीर होऊन गेलेली असते. 'नेव्हरविंटर नाइट्स २' (२००६) मध्ये महाशत्रू मेला की सगळं डोक्यावर कोसळतं आणि इतका वेळ ज्यांच्याबरोबर लढलो त्या सोबत्यांची वासलात निवेदक थोडक्यात लावून टाकतो.

"तिसरा अंक लिहून यायच्या आत पहिल्याच्या तालमी," तात्यांनी मान हलवली. "आम्ही हे केलंय. पण आम्ही निदान प्रेक्षकाला सांगत नव्हतो की नाटक तू लिहितोयस."

काकूंनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली. पदर खोचला. त्या असा पदर खोचतात तेव्हा प्रवचन होतं, हे आम्हाला ठाऊक आहे.

"तुमचे ते इंग्लंडवाले आणि कॅनडावाले राहू देत. कुत्र्याचा शेवट व्यासांनी कधीच लिहून ठेवलाय. धर्मराज हिमालयात चालला. द्रौपदी पडली, भाऊ पडले, मागे राहिलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला. बस म्हणाला, पण कुत्रं खाली ठेव. म्हणजे पत्ते दोन. कुत्र्याला सोडून स्वर्ग, नाही तर कुत्र्याबरोबर थंडीत मरण. धर्मराज म्हणाला, आसऱ्याला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. परत ने तुझा रथ. तेव्हा कळलं की कुत्रं म्हणजे प्रत्यक्ष धर्म."

"हा झाला गोड शेवट," मी म्हटलं.

"कसला गोड? ऐक पुढे. स्वर्गात पाऊल ठेवतो तर समोर कोण? दुर्योधन! सिंहासनावर, झळाळतोय. धर्मराज म्हणाला, माझे भाऊ कुठे? त्याला नेलं नरकात. अंधार, दुर्गंधी आणि तिथून कर्णाचा आवाज, भीमाचा आवाज, द्रौपदीचा आवाज. सोबतचा देवदूत म्हणाला, चला आता परत. हा म्हणाला, माझी माणसं इथे आहेत, तर मीही इथेच. दुसऱ्यांदा नकार! मग ते सगळं मायेचं निघालं. पण त्याला नरक दाखवला का, ते ठाऊक आहे?"

ठाऊक असूनही आम्ही गप्प बसलो.

"अश्वत्थाम्यापायी. द्रोणाचार्यांना फसवायला जे अर्धं खोटं बोलला ना, त्यापायी. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. लोकांना वाटलं, झाली शिक्षा. नाही झाली. उरलेली स्वर्गाच्या दारात झाली. इंद्रानंच सांगितलं त्याला."

मी पुस्तकांच्या हिशेबानं मोजलं. द्रोणपर्व सातवं, स्वर्गारोहणपर्व अठरावं. सातव्या पर्वात अर्धवट तोंडात बोललेलं एक वाक्य व्यासांनी अकरा पर्वं सांभाळून ठेवलं आणि वसूल केलं. तेही कुणाकडून, तर ज्याला सगळे धर्मराज म्हणतात त्याच्याकडून. कपाळावर शिंगं नाहीत की माश्या नाहीत. आणि दुर्योधनाला स्वर्गात बसलेला पाहून चिडलो तरी या शेवटानं आपल्याला फसवलं असं कुणी म्हणत नाही, कारण आधीच्या सगळ्या पर्वांचं ऐकून घेऊन तो आलेला असतो. तात्यांचा नियम काकूंच्या गोष्टीला तंतोतंत लागू पडला, हे दोघांच्याही लक्षात आलं. तात्यांनी नाराजीनं कप खाली ठेवला. काकूंशी एकमत होणं त्यांना परवडत नाही.

"मग असा खेळ कुणी केलाच नाही का?" काकूंनी विचारलं.

केलाय, आणि फार आधी केलाय. १९८५चा 'अल्टिमा ४', रिचर्ड गॅरिअट यांचा. खेळाचं पूर्ण नावच 'क्वेस्ट ऑफ द अवतार', अवतार शब्द आपल्याकडूनच उचललेला. यात मारायला कुणी महाराक्षस नाही. सत्य, दया, शौर्य, न्याय असे आठ गुण अंगी बाणवायचे, बस्स. आणि परीक्षा कशी घेतो पाहा. मंत्रासाठी लागणारी मुळं-पाला विकणारी दुकानदारीण आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्ही स्वतः मोजून ठेवायचे. कमी ठेवलेत तरी ती माल देते. कुणी ओरडत नाही, पडद्यावर लाल दिवा लागत नाही. तुम्ही खुशीत चार मोहरा वाचवता आणि तिकडे आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणातून वजावट होते. पुढे अवतारपद हुकतं तेव्हा ते कळतं.

"भाजीवालीला नजर कमी झाली म्हणून तिच्याकडे फाटकी नोट खपवणारे आपल्या चाळीत आहेत," काकू तिसऱ्या मजल्याकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या. वर एक खिडकी बंद झाली.

अलीकडचा दाखला 'विचर ३', पोलंडचा, २०१५ मधला. एका टेकडीखाली एक आत्मा कोंडलेला आहे. सोडलात तर तो दलदलीतल्या चेटकिणींच्या तावडीतून अनाथ मुलांना वाचवतो, पण एक गाव उद्ध्वस्त करतो, एका सरंजामदाराची बायको जीव गमावते आणि तो सरंजामदार गळफास घेतो. मारलात तर बायको जगते, तीही वेडी होऊन, आणि मुलं जातात. हे निवडताना यातलं बहुतेक तुम्हाला सांगत नाहीत. फळ कितीतरी वेळानं समोर येतं, तेव्हा मागे फिरायची सोय राहिलेली नसते. शिवाय तो सरंजामदार दारुडा, बायकोला मारणारा. त्याची दया करायची की नाही, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा.

आपल्या जवळचं म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. जत्रेत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, हातात त्रिशूळ आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. महाल, किल्ले, भिंतीवरची चित्रं पाहून डोळे निवतात. जगभर नाव झालं. पण निवड म्हणाल तर त्यात नाहीच, तसा तो दावाही नव्हता. शेवट मात्र असा अर्धवट तुटला की कौतुक करणाऱ्यांनीही तिथे बोट ठेवलं. 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग २०२५ मध्ये जाहीर झालाय. ज्यांच्या घरात महाभारताचा शेवट आजीला तोंडपाठ आहे, त्यांच्याकडून जरा जास्त मागितलं तर काही चुकलं नाही.

"ते सगळं ठीक," काकू म्हणाल्या, "पण आमच्या पोरानं काय मागितलं गं शेवटी? कुत्राच ना?"

मी विचारलं होतं त्याला. नाही मागितला. मेलेले मजूर परत मागितले. म्हणूनच कुत्रा गेला आणि म्हणूनच पोरगा ओरडला.

काकू क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं निघालं म्हणायचं पोरगं." आणि मेथी घेऊन आत गेल्या.

मी माझ्यापुरता निवाडा करून टाकते. पर्याय किती आहेत याला काही अर्थ नाही. कॅसेटवर एक कोटी छापता येतात. निवड खरी कधी, तर नको म्हणायची मुभा असेल तेव्हा; निवडीची किंमत आपल्या खिशातून जाईल तेव्हा; आणि आपण विसरलो तरी गोष्ट विसरणार नाही तेव्हा. शेवट सुखाचा की दुःखाचा, ते लेखकानं खुशाल ठरवावं. पुण्या-मुंबईत आज जे तरुण असले खेळ रचतायत, त्यांना म्हणूनच एक विनंती. पैसे कमी पडले तर राजवाडे दोन कमी बांधा, राक्षस चार कमी करा. पण खेळणाऱ्यानं सातव्या पर्वात काय केलं, ते अठराव्या पर्वापर्यंत लक्षात ठेवा.